परिक्रमेला निघण्याआधी पिशवी उघडा

कार्तिकी एकादशी झाली की ओंकारेश्वरच्या घाटावर मराठी बोलणं जास्त कानावर पडू लागतं. पुण्या-नाशिकचे, सांगली-कोल्हापूरचे, विदर्भातले लोक पायी नर्मदा परिक्रमेसाठी जमतात. कुणी नुकतंच निवृत्त झालेलं असतं, कुणी घरातल्या जबाबदाऱ्या उरकून निघालेलं असतं. गो. नी. दांडेकरांचं ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ किंवा जगन्नाथ कुंटे यांचं ‘नर्मदे हर हर’ वाचून मनात ही वाट धरलेले तर कितीतरी. संकल्प होतो, कढाईचा प्रसाद होतो, लहानशा बाटलीत मैयाचं पाणी भरून घेतात आणि माणसं चालू लागतात. मला काळजी वाटते ती त्यांच्या पाठीकडे पाहून. दहा-बारा किलोची सॅक, वर बांधलेलं जाड ब्लँकेट, हातात आणखी एक पिशवी. हे ओझं घेऊन पहिले चार दिवस उत्साहात जातात. मग खांदे सोलवटतात, तळपायाला फोड येतात, गुडघा धरतो, आणि वर्षानुवर्षं जिच्यासाठी मन तयार केलं ती परिक्रमा बडवानीच्या अलीकडेच सुटते.

असं होऊ नये म्हणून हे लिहिते आहे. वाटेत तीन-चार तऱ्हेचं हवामान भेटतं म्हणून तीन-चार तऱ्हेचे कपडे न्यायचे नसतात. कपडे थोडेच घ्यायचे, पण असे की सुटे सुटे वापरले तर उन्हात चालावेत आणि सगळे एकावर एक चढवले की थंडीत पुरावेत. याउपर हवामानाच्या नावाखाली पिशवीत जे शिरतं ते बहुतेक धास्तीपोटी शिरतं.

आपल्याकडच्या लोकांची एक खास अडचण आहे. आपल्यातल्या अनेकांनी पंढरीची वारी केलेली असते, त्यामुळे चालण्याचा आत्मविश्वास असतो. पण वारीत दिंडीचा ट्रक असतो. आपलं अंथरूण-पांघरूण, कपड्यांची पिशवी त्यात टाकायची, खांद्याला पडशी अडकवायची आणि टाळ वाजवत निघायचं. तीन आठवड्यांत पंढरपूर येतं. नर्मदेकाठी ट्रक नाही. नदीची लांबी १,३१२ किलोमीटर, म्हणजे दोन्ही काठ धरले तर २,६०० किलोमीटरच्या वर वाट होते. त्यात सरदार सरोवर, ओंकारेश्वर, इंदिरा सागर, बरगी या धरणांच्या पाण्याखाली जुनी काठची वाट बऱ्याच ठिकाणी गेली आहे, म्हणून डोंगरातून आणि डांबरी रस्त्यांवरून वळसे पडतात. रोज वीसेक किलोमीटर चाललं तरी चार ते सहा महिने लागतात. पिशवीत घातलेली प्रत्येक वस्तू इतके महिने तुमच्याच पाठीवर राहणार आहे.

(जे बसने किंवा गाडीने परिक्रमा करतात त्यांचं सामान गाडीत असतं. त्यांनी हे वाचून सोडून दिलं तरी चालेल. फक्त थंडीबद्दल जे पुढे लिहिलं आहे ते मात्र लक्षात घ्यावं.)

आता हवामान कसकसं बदलत जातं ते पाहा. नोव्हेंबरअखेर ओंकारेश्वरहून दक्षिण तटाने निघालात, नदी उजव्या हाताला ठेवून, तर निमाडात दुपारी ऊन चांगलंच लागतं आणि पहाट गार असते. पुढे सातपुड्यात शूलपाणीची झाडी, तिथे डिसेंबरच्या रात्री कडक. गुजरातेत राजपीपळा, अंकलेश्वर करत समुद्राजवळ पोचलात की हवा दमट, खारट. वाळत घातलेला कपडा सकाळी ओलाच. नावेने खंभातचं आखात ओलांडून उत्तर तटाला लागलं की जानेवारी, थंडीचा ऐन जोर. अमरकंटक हजार मीटरहून उंच, मैकल डोंगरात. तिथे भर हिवाळ्यात गवतावर दव गोठतं आणि तुम्ही पोचाल त्या फेब्रुवारी-मार्चमध्येही रात्री अंगावर जाड काहीतरी लागतं. आणि तिथून दक्षिण तटाने परत फिरलात की एप्रिल येतो. नर्मदापुरम (पूर्वीचं होशंगाबाद), हरदा, खंडवा या पट्ट्यात पारा चाळिशी ओलांडतो. खरगोनकडे तर मे महिन्यात ४५ अंशही होतात.

पण महिन्यांनुसार बदलणाऱ्या हवेपेक्षा एकाच दिवसात बदलणारी हवा जास्त त्रास देते. हिवाळ्यात त्या खोऱ्यात पहाटे आणि दुपारी पंधरा अंशांचा फरक सहज पडतो. पहाटे पाचला निघताना दात वाजतात, दहाला घाम फुटतो. एकच जाडजूड जॅकेट नेलेलं असेल तर ते घातलं की उकडतं, काढलं की हुडहुडी भरते आणि दिवसभर ते सॅकवर लोंबकळत राहतं. त्याऐवजी पातळ थर ठेवा. अंगालगत एक पूर्ण बाह्यांचा पातळ सदरा, त्यावर बिनबाह्यांचा किंवा पूर्ण लोकरी स्वेटर, सगळ्यांत वर वारा आणि पाऊस अडवणारं पातळ जॅकेट. दोन कपड्यांच्या मध्ये जी हवा अडकते ती ऊब धरून ठेवते, म्हणून तीन पातळ कपडे एका जाड कपड्यापेक्षा अधिक उबदार ठरतात. कानटोपी, लोकरी मोजे आणि गळ्याभोवती गुंडाळायला एक उपरणं, एवढ्यावर नर्मदेकाठची थंडी निभावते. उपरणं मात्र चांगलं लांब-रुंद घ्या. तेच उन्हात डोक्याला गुंडाळायचं, धुळीत तोंडावर बांधायचं, रात्री उशाला घ्यायचं.

किती वजन न्यावं, याला लांब पल्ल्याचे चालणारे एक सोपा हिशेब लावतात: स्वतःच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त पाठीवर नको. तुमचं वजन साठ किलो असेल तर सहा किलो, आणि त्यात पिण्याचं पाणीही धरा, कारण एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. म्हणजे सामानाला उरले पाच. त्यातही मोठी ट्रेकिंगची सॅक रिकामीच दोन किलोची भरते. तीस-पस्तीस लिटरची हलकी सॅक घ्या. पिशवी मोठी असली की ती भरल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही. कमरेचा पट्टा असलेली घ्या, म्हणजे भार खांद्यावरून कमरेवर उतरतो. पन्नाशी-साठीच्या माणसांना या पट्ट्याचा फार आधार होतो.

कपडे दोन जोड. एक अंगावर, एक पिशवीत. आतले कपडे तीन. याहून जास्त खरोखर लागत नाही, कारण रोज संध्याकाळी मुक्कामी पोचलं की धुवायचं आणि सकाळपर्यंत वाळवायचं, हाच दिनक्रम असतो. म्हणून कापड लवकर वाळणारं हवं. परिक्रमावासी पांढरे कपडे घालतात, ते उन्हासाठीही चांगले. कोरड्या उन्हात सुती कापड उत्तम, पण थंडीत ते घामाने किंवा दवाने ओलं झालं की अंगातली ऊब खेचून घेतं आणि लवकर वाळतही नाही. टेरिकॉटचा किंवा मिश्र धाग्याचा एक जोड असू द्या. जीन्स नको. टर्किश टॉवेल तर मुळीच नको. आपला पंचा तासाभरात वाळतो. कपडे धुताना एक पाळा: नदीत साबण नको. हातपंपावर किंवा आश्रमाच्या नळावर बादलीत धुवा. साबणाची लहान वडी पुरते, संपली की कुठल्याही गावात मिळते.

बायांना थोडं वेगळं सांगायचं आहे. नऊवारी किंवा सहावारी सुती साडीत चालायची सवय असेल तर जरूर साडी नेसा, त्यात काही अडत नाही. फक्त दोनपेक्षा जास्त नेऊ नका, आणि ओली साडी थंडीत रात्रीत वाळत नाही हे धरून चाला. सलवार-कुडता हलका पडतो. पाळी येत असेल तर धुऊन वापरता येणाऱ्या कापडी घड्या बऱ्या, कारण वापरलेले पॅड टाकायला त्या वाटेवर जागा नसते आणि ते नदीकाठी फेकणं आपल्याला शोभत नाही. वाटेत सगळे तुम्हाला ‘माताजी’ म्हणतील, मान देतील. तरी शौचाला अंधारात जावं लागतं, म्हणून डोक्याला लावायची छोटी टॉर्च घ्या. हात मोकळे राहतात.

थंडीत झोपण्याची सोय ही सगळ्यांत जास्त चुकणारी गोष्ट आहे. लोक पांघरुणावर भर देतात आणि अंथरुणाकडे दुर्लक्ष करतात. आश्रमात, धर्मशाळेत, शाळेच्या ओसरीवर फरशीवर झोपायचं असतं आणि थंडी खालून येते. अंगाखालचं ब्लँकेट आपल्या वजनाने दाबलं जातं, त्यातली हवा निघून जाते आणि ते कितीही जाड असलं तरी ऊब देत नाही. म्हणून न दबणारी फोमची पातळ चटई घ्या. ती नावापुरतंच वजन असलेली मिळते आणि दुपारी झाडाखाली बसायलाही उपयोगी पडते. तिच्यावर एक हलकी स्लीपिंग बॅग किंवा लोकरी शाल. आपली घोंगडी उबेला अप्रतिम, पण जड, आणि भिजली तर उचलवत नाही. ज्यांच्या घरात ती आजोबांपासून आहे त्यांना सोडवत नाही, हे मला कळतं. तरीही ती घरी ठेवा. रात्री निजायला जागा निवडता आली तर अगदी पाण्याजवळची निवडू नका. गार हवा जड असते, ती रात्री उतारावरून वाहत नदीच्या पात्रात साचते. काठापासून थोडं वर, भिंतीच्या आडोशाला त्याच रात्री दोन-तीन अंशांचा फरक पडू शकतो.

पाऊस नाही असं समजू नका. हिवाळ्यात त्या भागात अवकाळी पाऊस पडतो, त्याला तिकडे ‘मावठा’ म्हणतात, आणि तो नेमका थंडीत येतो. शिवाय वाटेत कितीतरी उपनद्या, ओढे पायी उतरावे लागतात. नर्मदा ओलांडायची नाही, पण तिला येऊन मिळणारे प्रवाह ओलांडल्याशिवाय गत्यंतर नाही. आणि दक्षिण तटावरच्या विमलेश्वरहून उत्तर तटावरच्या मीठी तलाईकडे जाणारी नाव भरतीच्या वेळेवर सुटते. कधी रात्री उठून चिखलातून नावेपर्यंत जावं लागतं, समुद्राचं पाणी अंगावर उडतं. खंभातच्या आखाताची भरती-ओहोटी जगातल्या मोठ्या भरती-ओहोट्यांपैकी आहे, त्यामुळे तिथे आपल्या सोयीने काही होत नाही. या सगळ्यावर उपाय अगदी साधा आणि स्वस्त: सॅकच्या आत आधी एक मोठी जाड प्लॅस्टिकची पिशवी घाला आणि सगळं सामान तिच्यात भरा. बाहेरून घालायचं कव्हर वाऱ्याने उडतं, तळाशी पाणी शिरतं. आतली पिशवी दगा देत नाही. मोबाइल, आधार कार्ड, परिक्रमावासी असल्याचं पत्र आणि औषधं यांची वेगळी लहान पिशवी असू द्या. छत्री नको, वारा आणि झाडी दोन्हींत ती निरुपयोगी. अंगावर घेता येईल अशी प्लॅस्टिकची इरली पुरते.

पायांबाबत मात्र काटकसर करू नका. चालता चालता पाय सुजतात, म्हणून बूट नेहमीपेक्षा अर्धा नंबर मोठे घ्या आणि निघण्याआधी महिनाभर रोज घालून चाला. नवे कोरे बूट घालून ओंकारेश्वरला येणाऱ्यांचे हाल बघवत नाहीत. भारी, उंच, चामड्याचे बूट नकोत. पायातलं वजन प्रत्येक पावलाला उचलावं लागतं आणि डांबरावर ते तापतात. जाळीदार हलके बूट ओढ्यात भिजले तरी तासा-दोन तासांत सुकतात. सोबत एक रबरी चप्पल, संध्याकाळी पायांना हवा लागायला आणि ओढे उतरायला. मोजे तीन जोड: दोन चालण्याचे, एक लोकरी, तो फक्त झोपताना, कोरडाच ठेवायचा. फोड येण्याआधी त्वचा गरम लागते, टोचते. तेव्हाच थांबून चिकटपट्टी लावा, सोबत्यांना ‘पुढे चला’ म्हणा. ज्यांचा अनवाणी चालण्याचा नेम आहे त्यांना मी काही सांगणार नाही, त्यांची वाट त्यांना ठाऊक.

औषधांचं ओझं लोक फार वाढवतात. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या, थायरॉइडच्या गोळ्या सहा महिन्यांच्या घेऊन निघतात. एका महिन्याच्या घ्या. बडवानी, राजपीपळा, भरूच, जबलपूर, मंडला, नर्मदापुरम ही सगळी मोठी गावं वाटेवर किंवा वाटेजवळ आहेत, औषधाची दुकानं भरपूर आहेत. डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या, तीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, कारण कंपनीचं नाव गावागणिक बदलतं. इन्शुलिन घेत असाल तर एप्रिलच्या उन्हाचा आधीच विचार करा. वापरात असलेलं बहुतेक इन्शुलिन फ्रीजबाहेर काही आठवडे टिकतं, पण तीस अंशांच्या खाली. ओल्या कापडात गुंडाळून मातीच्या भांड्यात ठेवायची पद्धत आणि नेमकी मुदत तुमच्या डॉक्टरांना विचारूनच निघा. गुडघ्याचा पट्टा, ताप आणि जुलाबाच्या थोड्या गोळ्या, मीठ-साखरेची पाकिटं. बास.

खाण्याचं सामान तर जवळजवळ नकोच. पूर्वी सदावर्तात कोरडा शिधा मिळायचा, तो परिक्रमावासी स्वतः शिजवायचे, म्हणून भांडी लागायची. आजही काही ठिकाणी शिधा देतात, पण बहुतेक आश्रमांत आणि अन्नक्षेत्रांत शिजवलेलं जेवण मिळतं. एक खोलगट ताटली आणि पेला पुरे. लाडू-चिवड्याचे डबे, सुक्या मेव्याची पाकिटं घरच्यांनी मायेने भरलेली असतात. ती त्यांच्यापाशीच खा आणि मग निघा.

शूलपाणीच्या झाडीबद्दल जुन्या परिक्रमावर्णनांत वाचलं असेल, की तिथे वाटसरूंचं सामान, अंगावरचे कपडेसुद्धा काढून घेतले जायचे आणि परिक्रमावासी ते मैयाची इच्छा म्हणून स्वीकारायचे. आज त्याच डोंगरांत, आपल्या नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्यापासून पलीकडे गुजरात-मध्य प्रदेशापर्यंत, आदिवासी घरं वाटसरूला बसवून भाकरी घालतात. आणि इथेच मला हलक्या पिशवीची दुसरी बाजू सांगायची आहे. हलकं निघायचं म्हणून पांघरूणच न नेणं, स्वेटरच न नेणं, हे बरोबर नाही. त्या घरात चार पांघरुणं असतील तर तुम्हाला त्यातलं एक नक्की मिळेल, कारण ते लोक पाहुण्याला नाही म्हणत नाहीत. त्या रात्री घरातलं कुणीतरी तेवढ्याविना झोपेल. आपल्या श्रद्धेची किंमत दुसऱ्याच्या लेकराने थंडीत मोजू नये. म्हणून ऊब स्वतःची न्या, औषध स्वतःचं न्या, आणि अन्न तेवढं मिळेल तिथे नम्रपणे घ्या.

लहान मुलांना वाटायला गोळ्या-बिस्किटं न्यावीत की नाही, असं बरेच जण विचारतात. पुण्याहून तीन किलो चॉकलेटं वाहून नेऊ नका. डोंगर चढण्याआधीच्या शेवटच्या गावातल्या दुकानातून थोडं घ्या, म्हणजे त्या दुकानदारालाही चार पैसे मिळतील. आणि वेष्टनं परत आपल्याच पिशवीत घालून खाली आणा.

ओझं सोसेना झालं की लोक घाटावरच सामान सोडून देतात. जुने कपडे नदीत सोडायची तर रीतच पडली आहे. कृपा करून असं करू नका. नायलॉन आणि टेरिकॉट पाण्यात कुजत नाही, ते वर्षानुवर्षं काठाच्या झुडपांत लटकत राहतं. नको असलेलं सामान पोस्टाने घरी पाठवा. तालुक्याच्या गावी पोस्ट आहे, पार्सल करायला अर्धा तास लागतो. अमरकंटकचा टप्पा उरकून होळीनंतर खाली उतरलात की स्वेटर, लोकरी मोजे, स्लीपिंग बॅग असंच घरी रवाना करा. पुढच्या उन्हाळ्यात त्याचं काही काम नाही. त्या वजनाच्या जागी पाण्याची दुसरी बाटली घ्या. निघतानाच घरी सांगून ठेवा की असं पार्सल येईल, नाहीतर अचानक तुमचे कपडे दारात आलेले पाहून घरच्यांच्या छातीत धस्स होईल.

यंदा निघणार असाल तर दसऱ्यालाच पिशवी भरा. पूर्ण भरलेली पिशवी घेऊन सलग तीन दिवस पंधरा-पंधरा किलोमीटर चाला. एक दिवस नाही, सलग तीन, कारण दुखणं दुसऱ्या दिवशी कळतं. एक रात्र गच्चीवर किंवा अंगणात त्याच चटईवर, त्याच पांघरुणात झोपून बघा. चौथ्या दिवशी सगळं सामान जमिनीवर काढा. जे तीन दिवसांत एकदाही हाताला लागलं नाही ते बाजूला करा; त्यातून औषधं, कानटोपी आणि इरली तेवढी पुन्हा आत घ्या. मग किराणा दुकानात जाऊन पिशवीचं वजन करा आणि ते दहाव्या हिश्श्याच्या वर असेल तर घरी येऊन पुन्हा एकदा उघडा.